उसन्या चालींचे सरदार

ग्रेट ब्रिटनमध्ये धडधाकट तरुणांस सक्तीने लष्करात भरती करण्याची वहिवाट १९६० साली बंद झाली, सक्तीचा शेवटचा शिपाई १९६३ च्या मे महिन्यात पलटणीचा निरोप घेऊन घरी परतला, आणि ज्या पिढीने आयुष्याची दोन-दोन वर्षे छावणीत बूट चमकविण्यात व सुभेदाराच्या शिव्या खाण्यात घालविली होती तिने सुटकेचा निःश्वास टाकला न टाकला तोच, १९६४ च्या उन्हाळ्यात, ग्रामोफोनच्या एका लहानशा तबकडीने तोच हुकूम नव्याने जारी केला. फरक एवढाच, की या खेपेस समन्से निघाली ती गवंड्या-सुतारांच्या मुलांच्या नावे नव्हेत, तर बीटल्स, रोलिंग स्टोन्स, सर्चर्स, डेव्ह क्लार्क फाइव्ह, बॅचलर्स आणि फ्रेडी अँड द ड्रीमर्स या त्या काळी सर्व तरुणाईच्या गळ्यातील ताईत होऊन बसलेल्या गायकमेळ्यांच्या नावे.

तबकडीचे नाव होते ‘कॉल अप द ग्रूप्स’, म्हणजे गायकमेळ्यांची लष्करभरती. आणि ती काढणाऱ्या मंडळींचे नाव होते बॅरन नाइट्स. विक्रीच्या राष्ट्रीय क्रमवारीत ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. ज्यांची टिंगल करावयाची त्यांच्याच मांडीला मांडी लावून, त्यांच्याच क्रमवारीत, त्यांच्याच चालींवर जाऊन बसण्याचा हा पराक्रम या पाच जणांनी पुढे वीस वर्षे अधूनमधून करून दाखविला. म्हणूनच, सुगम संगीताच्या इतिहासकारांनी त्यांची बोळवण बहुधा तळटीपेत केलेली असली, तरी त्यांची कैफियत सविस्तर सांगण्याजोगी आहे असे मला वाटते.

लंडनच्या वायव्येस बेडफर्डशर परगण्यात लेटन बझर्ड नावाचे एक मध्यमसे बाजाराचे गाव आहे. तेथे १९५९ च्या सुमारास काही तरुणांनी एक वाद्यमेळा उभारला, आणि आर्थर राजाच्या दरबारातील वीरांची आठवण ठेवून त्याला ‘गोलमेजाचे सरदार’ अशा अर्थाचे भारदस्त नाव दिले. पुढे बेस गिटार वाजविणाऱ्या बॅरन अँटनीच्या नावातील बॅरन पुढे आला, नाइट म्हणजे सरदार हा शब्द मागे राहिला, मुख्य गायक रिचर्ड पामर याने ड्यूक डी’माँड हे रंगभूमीवरचे नाव घेतले, आणि अशा रीतीने बॅरन, नाइट व ड्यूक असा सबंध उमरावांचा दरबार, ना जहागीर ना इनाम ना सनद, निव्वळ दोन-चार गिटारी व एक ढोल-संच एवढ्या दौलतीवर गावोगावच्या नृत्यगृहांत फिरू लागला. उरलेले तिघे म्हणजे बुच बेकर, पीनट लँगफर्ड हे गिटारवाले आणि ढोल सांभाळणारा डेव्ह बॅलिंजर. पीनट म्हणजे भुईमुगाची शेंग. सरदारांच्या पंगतीत ती कशी शिरली हे विचारू नये; विनोदी मंडळींच्या नावांची वंशावळ कोणत्याही दफ्तरात सापडत नसते.

ही मंडळी आरंभी विनोदी नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. नाचणाऱ्या जोडप्यांसमोर तासन् तास चालू काळातील लोकप्रिय गाणी हुबेहूब वाजवून दाखविणे हा त्यांचा रोजगार होता, आणि त्यात ती पक्की तरबेज होती. १९६१ साली शेजारच्या बकिंगहॅमशर परगण्यातील एल्सबरी गावी त्यांचा कार्यक्रम ऐकावयास पंचविशीच्या आतला एक तरुण गेला असता, बेस गिटारीचा तो खर्जातला, पोटात घुमणारा नाद ऐकून जागच्या जागी थबकला. गिटार वाजवायची तर असलीच, असा त्याने निश्चय केला, एक जुनी बेस गिटार विकत घेतली आणि तिच्या पट्ट्या उपटून काढून ती आपल्या मनाजोगती केली. पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेला बिल वायमन तो हाच. ही हकीकत त्याने स्वतःच नमूद केली आहे. आता गंमत पाहा: ‘कॉल अप द ग्रूप्स’मध्ये ज्या रोलिंग स्टोन्सना लष्करात धाडण्याची मौज आहे, त्यांच्यापैकी एक जण, म्हणजे हा वायमनच, १९५५ ते १९५७ या काळात हवाईदलात खरोखरीची सक्तीची चाकरी करून आलेला होता! बीटल्सपैकी मात्र कोणालाही ती घडली नाही. १ ऑक्टोबर १९३९ नंतर जन्मलेल्यांना बोलावणेच गेले नाही, आणि बीटल्समधील सर्वांत थोरला रिंगो स्टार जुलै १९४० चा. नऊ-दहा महिन्यांच्या फरकाने ही चौकडी छावणीऐवजी हँबुर्गच्या नाचघरांत पोचली. सरकारने भरतीची वहिवाट आणखी दोन-तीन वर्षे लांबविली असती तर बीटल्स नावाचा प्रकार जगाला दिसला असता की नाही, या प्रश्नावर त्या देशात पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. बॅरन नाइट्सनी त्याच प्रश्नाचे उत्तर काही मिनिटांत, गाऊन दिले.

कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. अमेरिकेत एल्विस प्रेस्ली १९५८ साली, कीर्तीच्या ऐन शिखरावर असताना, लष्करात भरती झाला होता व दोन वर्षे साध्या शिपायाप्रमाणे राहून परत आला होता. आणि तेथील फोर प्रेप्स या गायकांच्या चौकडीने १९६२ च्या सुमारास, सर्व प्रसिद्ध गायकमंडळांना लष्करात नेऊन बसविणारी अशीच एक विडंबनमाला ध्वनिमुद्रित केली होती. बॅरन नाइट्सनी तोच सांगाडा उचलला आणि त्यावर इंग्लंडातील मांसमज्जा चढविली. उसनवारीचा धंदा करणाऱ्याने धंद्याची कल्पनाही उसनी घ्यावी यात मला तरी विसंगती दिसत नाही.

परंतु कल्पना मिळाली म्हणजे विडंबन साधते असे नाही. ते साधण्यास समोर बसलेल्या श्रोत्यांच्या मनात मूळ गाणे आधीच वाजत असावे लागते, आणि १९६४ चे इंग्लंड या दृष्टीने विडंबनकारास देवाने आंदण दिलेला मुलूख होता. दूरचित्रवाणीची वाहिनी बीबीसीची एक आणि व्यापारी एक, त्यांत नुकतीच एप्रिलमध्ये बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीची भर पडलेली; मँचेस्टरमधील एका जुन्या प्रार्थनामंदिरात थाटलेल्या स्टुडिओतून १ जानेवारी १९६४ पासून ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झालेला; मार्च महिन्यापासून समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून रेडिओ कॅरोलाइन बिनपरवाना गाणी ऐकवू लागलेला. आजी, नात आणि खानावळीतला वाढपी या सर्वांच्या कानांवर त्या आठवड्यात तीच दहा-वीस गाणी पडत असत. गाण्याचे पहिले दोन सूर कानी आले की सबंध सभागृहास पुढचे पंचवीस ठाऊक. मग सव्विसाव्या सुरावर शब्द बदलून टाकला की हशा ठरलेला. आज, ज्याचे त्याचे गाणे ज्याच्या त्याच्या कानात कोंबलेले असताना, असा हशा पिकविणे किती कठीण झाले आहे याचा अनुभव कोणत्याही स्नेहसंमेलनाच्या सूत्रधाराला विचारावा.

दुसरी गोष्ट कारागिरीची. १९६३ च्या नाताळात लंडनच्या फिन्सबरी पार्कमधील ॲस्टोरिया नाट्यगृहात बीटल्सचा खास खेळ २४ डिसेंबरपासून ११ जानेवारीपर्यंत चालला होता, आणि त्यात सहकलाकार म्हणून बॅरन नाइट्सना पाचारण करण्यात आले होते. पुढे रोलिंग स्टोन्सबरोबरही त्यांनी दौरे केले. ज्यांची नक्कल करावयाची ते नामांकित लोक हाताच्या अंतरावर रोज गात आहेत, मान कशी वळते, ओळीच्या शेवटी श्वास कोठे तुटतो, आवाज कोठे फाटतो हे पडद्याआडून दिसते आहे, असे शिक्षण कोणत्या पाठशाळेत मिळणार? नकलाकार आणि विडंबनकार यांत पुष्कळदा घोळ केला जातो म्हणून सांगतो, की बॅरन नाइट्सच्या तबकडीत गंमत अर्धी शब्दांची आहे आणि अर्धी या गोष्टीची, की शब्द हास्यास्पद असताना गाणे मात्र इमानेइतबारे, मुळाच्या तोलाने, कोठेही डोळा न मिचकावता गाइले आहे.

डेव्ह क्लार्क फाइव्हच्या ‘बिट्स अँड पीसेस’ या गाण्याचा तुकडा या दृष्टीने लक्षपूर्वक ऐकावा. मूळ गाणे प्रेमभंगाचे. परंतु त्याचा ठेका असा, की लाकडी जमिनीवर बूट आपटल्यासारखा एकेक ठोका धाडधाड पडत जातो. हे गाणे लागले की पोरे पाय आपटून जमीन खिळखिळी करतात, म्हणून कित्येक नृत्यगृहांच्या व्यवस्थापकांनी त्यास मज्जाव केला होता. आता हाच ठेका कवायतीच्या मैदानावर नेऊन ठेवा: एकही मात्रा हलवावी लागत नाही. प्रेमभंगाचे पाय आपटणे आणि पलटणीचे पाय आपटणे यांचा ताल एकच आहे, ही गोष्ट मूळ गाण्यात आधीपासूनच दडून बसलेली होती. विडंबनकाराने काय केले, तर तिच्यावरचे पांघरूण ओढले. याउलट बॅचलर्सचे ‘डायान’ हे हळवे, आर्जवी गीत. छावणीतल्या खडबडीत व्यवहारावर ते साखरेच्या पाकासारखे ओघळते, आणि हसू येते ते त्या विजोडपणाचे. सर्चर्सच्या ‘नीडल्स अँड पिन्स’पासून निघालेली ही वरात शेवटी बीटल्सच्या ‘ट्विस्ट अँड शाउट’वर येऊन थांबते. सहा मेळे, सहा आवाज, सहा तऱ्हेच्या तालांची बदलाबदल, आणि हे सर्व करणारे तेच पाच जण.

मराठी वाचकास विडंबन या प्रकाराची ओळख नव्याने करून द्यावयास नको. ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे रोप आपल्या अंगणात आहे. मात्र एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या कवितांची अत्र्यांनी चेष्टा केली त्यांपैकी कित्येक आज कोणाच्या लक्षातही नाहीत, आणि तरी झेंडू टवटवीत आहे, कारण अत्र्यांचे लक्ष्य एखादी विशिष्ट कविता नसून कवींची एक सबंध लकब होती. बॅरन नाइट्सनी लकब धरली नाही. त्यांनी त्या हंगामातील गाणी धरली. म्हणून त्यांची प्रत्येक तबकडी म्हणजे त्या त्या वर्षाचे एक पंचांग होऊन बसले: वर्षअखेरीपर्यंत अत्यंत उपयुक्त, आणि त्यानंतर केवळ अभ्यासकांच्या कामाचे.

येथे एक कायद्याचा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याची चाल घेऊन तीवर आपले शब्द बसविणे आणि त्यावर पैसे मिळविणे यास परवानगी लागते की नाही? इंग्लंडात १९६० साली याच प्रश्नाच्या एका अंगावर एक मोठा मौजेचा खटला उभा राहिला होता. ‘रॉक-अ-बिली’ या गाण्याच्या धर्तीवर ‘संडे पिक्टोरियल’ या वृत्तपत्राने राणीचे यजमान प्रिन्स फिलिप यांस उद्देशून विनोदी शब्द रचून छापले, गाण्याच्या मालकांनी फिर्याद ठोकली, आणि न्यायमूर्तींनी असा फैसला दिला, की विडंबनकाराने स्वतःची बुद्धी राबवून इतके नवे रचले आहे की ती स्वतंत्र कृतीच म्हटली पाहिजे. विडंबनकारांनी पेढे वाटावेत असा हा निकाल. परंतु त्यातील वाद छापील शब्दांपुरता होता. तबकडीवर चाल जशीच्या तशी येते, आणि चालीचा मिरासदार मूळ संगीतकार. त्यामुळे गीतप्रकाशकांची मुभा मिळविल्याशिवाय असल्या तबकडीचे पान हलत नसे. पुढे १९८७ साली, एका बसकंपनीच्या जाहिरातीत प्रसिद्ध नाट्यगीताचे विडंबन वापरल्याच्या खटल्यात, विडंबन आहे म्हणून वेगळी सवलत नाही असे न्यायालयाने बजावले. आणि विडंबनास वाजवी मर्यादेत मोकळीक देणारे कलम ब्रिटिश कायद्यात अखेर दाखल झाले ते १ ऑक्टोबर २०१४ रोजी, म्हणजे बॅरन नाइट्सच्या पहिल्या यशानंतर बरोबर अर्धशतकाने.

याच संदर्भात नील इनेस या गुणी गृहस्थाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७८ साली दूरचित्रवाणीवरील एका चित्रपटासाठी ‘रटल्स’ नावाचा एक खोटा बीटल्स उभा करण्यात आला, आणि त्याची गाणी इनेसने रचली. त्याने बीटल्सची एकही चाल उचलली नाही. अगदी बीटल्सनी बांधली असती अशी वाटावी, पण त्यांनी कधीच न बांधलेली, अशी नवी कोरी गाणी त्याने केली. खुद्द जॉर्ज हॅरिसन त्या चित्रपटात मुलाखतकाराचे सोंग घेऊन हजर झाला. तथापि बीटल्सच्या गीतांचे हक्क ज्या कंपनीकडे होते तिने दावा सांगितला, आणि इनेसला आपल्या मिळकतीचा निम्मा वाटा सोडून द्यावा लागला. सरळ हात पसरून उसने मागणारे बॅरन नाइट्स सुखरूप सुटले, आणि ज्याने स्वतःच्या पदरचे घातले तो इनेस दंड भरून मोकळा झाला. कलादृष्ट्या इनेसची कामगिरी शतपटीने श्रेष्ठ आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु कोर्टकचेरीच्या वाटा कलेच्या वाटांहून निराळ्या असतात.

बॅरन नाइट्सच्या पहिल्या यशाची पुनरावृत्ती ‘पॉप गो द वर्कर्स’ने १९६५ च्या वसंतात केली व पाचवा क्रमांक मिळविला, त्याच वर्षीच्या नाताळात ‘मेरी जेंटल पॉप्स’ नवव्या क्रमांकावर गेली, १९६६ ची ‘अंडर न्यू मॅनेजमेंट’ पंधराव्यावर थांबली, आणि १९६८ सालच्या ऑलिंपिकच्या तबकडीला पस्तिसावा क्रमांक मिळाला. उतरता आलेख स्वच्छ दिसतो. मधल्या काळात त्यांनी गंभीर गाण्यांचीही उमेदवारी करून पाहिली; ‘द हू’ या मेळ्याच्या पीट टाउनझेंडने लिहिलेले एक गाणे १९६७ साली त्यांनी ध्वनिमुद्रित केले, पण ते कोणी घेतले नाही. विदूषकाने एकदा राजाची भूमिका मागितली की प्रेक्षक आधीच हसू लागतात. मग ही मंडळी रात्रीच्या क्लबांतून, जेवणाऱ्या गिऱ्हाइकांसमोर, आपला खेळ निमूटपणे करीत राहिली. आणि वाचकांस नवल वाटेल, पण नऊ वर्षांच्या वनवासानंतर, १९७७ साली, ‘लाइव्ह इन ट्रबल’ ही तबकडी घेऊन ती पुन्हा सातव्या क्रमांकावर अवतीर्ण झाली.

१९७८ च्या नाताळातील ‘अ टेस्ट ऑफ ॲग्रो’ने तर पुन्हा तिसरा क्रमांक गाठला. त्या वर्षी इंग्लंडात बोनी एम यांचे ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ पाच आठवडे अग्रस्थानी होते. बायबलातील १३७ व्या स्तोत्रावर रचलेले, जमेकाहून आलेले हे गीत. देशोधडीला लागलेले यहुदी लोक बाबेलच्या नद्यांकाठी बसून मायदेशाच्या आठवणीने रडतात, असा त्याचा करुण विषय. बॅरन नाइट्सनी तो विलाप नदीकाठावरून उचलला आणि बर्मिंगहॅममधील एका दंतवैद्याच्या खुर्चीत नेऊन बसविला. रडणे तेच, सामुदायिक हुंकार तेच, चाल तीच, फक्त दुखणे राष्ट्राचे नसून दाढेचे! याच तबकडीत डच गायक फादर अब्राहम याच्या ‘स्मर्फ’ गीताचाही समाचार आहे. ध्वनिफितीचा वेग वाढवून काढलेल्या चिरक्या बालिश आवाजात निळे बुटके प्रश्नांची उत्तरे देतात, अशी मुळाची रचना. विडंबनात तेच निरागस आवाज तुरुंगातून पळालेल्या दरोडेखोरांच्या तोंडी आहेत. (१९६३ च्या ऑगस्टमध्ये झालेली आगगाडीवरची ती सुप्रसिद्ध दरोडेखोरी लेटन बझर्डपासून काही मैलांवरच घडली होती, तेव्हा या विषयाशी आमच्या सरदारांचा शेजारधर्म जुनाच म्हणावयाचा.) तिसरा तुकडा चित्रकार लाउरीवरील एका गाण्याचा आहे, तो मला बेताचाच वाटला.

आणि येथेच माझे मत नोंदवून ठेवतो. क्रमवारीच्या हिशेबाने १९६४ व १९७८ च्या तबकड्या सारख्याच तोलाच्या. दंतवैद्याचा तुकडा सुटा काढला तर तो कदाचित साऱ्यांत विनोदी ठरेल. परंतु १९७८ च्या तबकडीत तीन विनोद शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. १९६४ च्या तबकडीस कथानक आहे. एकच हुकूम निघतो आणि सहा तऱ्हेची माणसे, आपापल्या स्वभावानुसार, त्याला सहा तऱ्हेने सामोरी जातात. अवघ्या देशाने नुकतीच भोगून संपविलेली धास्ती तिच्या मुळाशी आहे. भरतीच्या छावणीवरचा ‘कॅरी ऑन सार्जंट’ हा चित्रपट १९५८ साली ज्या कारणाने धो धो चालला, त्याच कारणाने बापलेक दोघेही ही तबकडी ऐकून हसले असणार, बाप छावणी आठवून आणि लेक बीटल्स आठवून. असा दुहेरी नेम या मंडळींना पुन्हा साधला नाही.

१९८० ची नाताळातली तबकडी सतराव्या क्रमांकावर गेली, १९८३ ची एकोणपन्नासाव्यावर, आणि क्रमवारीतील त्यांचे प्रकरण तेथे मिटले. क्लबांतील व नाट्यगृहांतील खेळ मात्र पुढेही दीर्घकाळ चालू राहिले. ड्यूक डी’माँड २००९ साली वारला.

ज्या वाचकांस हे सर्व ऐकून पाहण्याची इच्छा होईल त्यांस एक विनंती आहे. ‘कॉल अप द ग्रूप्स’ आज घरबसल्या सापडते, परंतु ती आधी लावू नये. प्रथम सर्चर्सचे ‘नीडल्स अँड पिन्स’, बॅचलर्सचे ‘डायान’, डेव्ह क्लार्क फाइव्हचे ‘बिट्स अँड पीसेस’ आणि बीटल्सचे ‘ट्विस्ट अँड शाउट’ ही गाणी दोन-दोनदा ऐकावीत, शक्य तर गुणगुणून पाहावीत, मध्ये एक रात्र जाऊ द्यावी, आणि बॅरन नाइट्सची तबकडी दुसऱ्या दिवशी लावावी.